ब्रिटनहून स्पेनला गाडीने बिऱ्हाड हलवताना: आधी तारीख, मग गाडी

लेस्टरच्या एका गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा: "वय ५८. मी ब्रिटिश नागरिक. बायकोचा पासपोर्ट भारतीय, तिच्याकडे आयएलआर, म्हणजे ब्रिटनमध्ये कायम राहण्याची परवानगी, आहे. मुलगा नोकरीला लागला, तो लेस्टरमध्येच राहील. आम्हाला व्हॅलेन्सियाच्या बाजूला कायमचं राहायचंय. २०१९ ची डिझेल ऑक्टाव्हिया आहे, उजव्या स्टिअरिंगची. मावेल तेवढं सामान गाडीत भरून निघायचं, तीन महिने राहून बघायचं, आवडलं तर तिथूनच व्हिसा काढायचा आणि जमलं तर थोडं रिमोट काम करायचं, असा बेत आहे. गाडी न्यावी की विकावी?"

मी अलिकांतेजवळ राहतो आणि ब्रिटनहून इकडे येणाऱ्यांची कागदपत्रं लावून देणं हाच माझा धंदा आहे. बहुतेक जण गाडीपासूनच सुरुवात करतात, कारण गाडी डोळ्यांसमोर उभी असते. पण तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे. तुम्ही ब्रिटनचे रहिवासी कोणत्या तारखेपर्यंत आणि स्पेनचे कोणत्या तारखेपासून, हे आधी ठरायला हवं. गाडीचा विमा, कस्टमची सवलत, लायसन्स, कर, घराची विक्री, सगळं त्या तारखेला बांधलेलं आहे. तारीख ठरली की गाडीचं उत्तर पाच मिनिटांत निघतं, म्हणून ते मी मागे ठेवतो.

"तीन महिने राहून बघू" हे तुमच्यापुरतं ठीक आहे. २०२० संपलं तेव्हापासून ब्रिटिश पासपोर्टवर शेंगेन देशांत (स्पेन-फ्रान्ससारखे एकच व्हिसा चालणारे युरोपीय देश) कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. हे दिवस सगळ्या शेंगेनचे मिळून मोजतात, म्हणजे वाटेत फ्रान्समध्ये काढलेली रात्रही त्यात आली. पूर्वी पासपोर्टावरचे शिक्के बघून कोणी मोजायचं, कोणी नाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन नोंद ठेवणारी ईईएस व्यवस्था टप्प्याटप्प्याने सुरू झाली. तेव्हा "कोण बघतंय" हा हिशेब आता सोडून द्या.

वहिनींचं मात्र वेगळं आहे. त्यांच्या भारतीय पासपोर्टावर शेंगेन व्हिसा लागेल आणि त्यावर जितके दिवस लिहिले असतील तितकेच मिळतील. नवरा ब्रिटिश आहे म्हणून ब्रेक्झिटपूर्वी जी मोकळीक मिळायची ती आता नाही.

"तिथूनच व्हिसा काढू" इथे तर बेतच अडतो. नोकरी-धंदा न करता राहण्याचा व्हिसा, ज्याला स्पॅनिशमध्ये 'नो लुक्रातिवा' म्हणतात, तो तुम्ही जिथे राहता तिथल्या स्पॅनिश वकिलातीतून काढावा लागतो. ब्रिटनमध्ये लंडन, मँचेस्टर आणि एडिंबरा इथे त्या आहेत. पर्यटक म्हणून व्हॅलेन्सियाला बसून तो अर्ज होत नाही. उत्पन्नाची अट 'इप्रेम' नावाच्या सरकारी निर्देशांकाच्या ४०० टक्के आहे. इप्रेम महिना ६०० युरो धरला तर अर्जदाराला महिना २,४०० युरो आणि जोडीदाराचे वर ६००. दोघांचे वर्षाला ३६,००० युरो झाले. पेन्शन, भाडं, व्याज, बचत यांतून ते दाखवायचे.

आणि हा व्हिसा म्हणजे काम नाही. ब्रिटनमधल्या कंपनीचं, घरी बसून, आठवड्यातून दोन दिवसांचंसुद्धा नाही. ते काम सोडायचं नसेल तर २०२२ च्या स्टार्टअप कायद्याने आलेला डिजिटल नोमॅड व्हिसा बघा. तो स्पेनमध्ये येऊनही मागता येतो, पण त्याची उत्पन्नाची अट वेगळी आणि सामाजिक सुरक्षेच्या वर्गणीची भानगडही वेगळी. दोन्हींचा मेळ घालू नका. अर्जात निवृत्त आणि लिंक्डइनवर सल्लागार, अशी मंडळी मी नकार घेऊन परतताना पाहिली आहेत. घर विकत घेऊन मिळणारा गोल्डन व्हिसा स्पेनने ३ एप्रिल २०२५ ला बंद केला, त्यामुळे एजंट तो सुचवत असेल तर एजंट बदला.

आता तुम्ही न विचारलेली, पण मला सगळ्यांत जास्त खटकलेली गोष्ट. वहिनींचा आयएलआर सलग दोन वर्षं ब्रिटनबाहेर राहिल्यावर संपतो. मुलगा लेस्टरमध्ये. उद्या नातवंडं झाली तर त्यांना बघायला आजीने दर वेळी व्हिजिटर व्हिसा काढायचा का? ब्रिटिश नागरिकाच्या जोडीदाराला तीन वर्षांचं वास्तव्य आणि आयएलआर असला की नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. तो करायचाच असेल तर निघण्याआधी करा. एकदा इकडे स्थायिक झालात की गैरहजेरीचे दिवस आड येतात. भारतीय पासपोर्ट सोडून ओसीआय (परदेशस्थ भारतीयाचं कार्ड) घेणं हा मनाचाही प्रश्न असतो आणि त्यात मी पडणार नाही. निर्णय "नाही" असला तरी चालेल, फक्त तो राहून गेलेला नसावा. बरेच जण स्पेनचं नागरिकत्व घेऊ म्हणतात. ब्रिटिश असो वा भारतीय, त्यासाठी सर्वसाधारणपणे दहा वर्षांचं कायदेशीर वास्तव्य लागतं.

कागदपत्रांत आपल्या लोकांची एक हमखास अडचण असते. ब्रिटनमधल्या पोलिस दाखल्यावर ब्रिटनचं अपोस्टिल (परदेशात कागद चालावा म्हणूनचा सरकारी शिक्का) होतं, पण तुमचं लग्न महाराष्ट्रात झालं असेल तर त्या दाखल्यावर ते चालत नाही. आधी राज्य पातळीवर साक्षांकन, मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, मग शपथबद्ध अनुवादकाकडून स्पॅनिश भाषांतर, अशी ती वाट आहे. जुना दाखला फाटका, हस्तलिखित किंवा नाव वेगळं असलेला असेल (माहेरचं, सासरचं, मधलं, ही आपली नेहमीची कथा) तर महापालिकेतून नवीन प्रत काढायला घेणं हे तुमचं पहिलं काम. गाडीची सर्व्हिसिंग नंतर.

आता तारीख. स्पेनचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर, ब्रिटनचं ६ एप्रिल ते ५ एप्रिल. एका कॅलेंडर वर्षात १८३ पेक्षा जास्त दिवस स्पेनमध्ये राहिलात की तुम्ही तिथले करनिवासी. ब्रिटनमध्ये वर्षाचे दोन तुकडे पाडायची सोय आहे, स्पेनमध्ये नाही. तिथे तुम्ही अख्ख्या वर्षाचे निवासी किंवा अजिबात नाही. म्हणून मी बहुतेकांना जुलैचा पहिला आठवडा उलटल्यावर यायला सांगतो. त्या वर्षाचे १८३ दिवस मग भरत नाहीत आणि घर विकणं, पेन्शनमधली रक्कम काढणं, शेअर विकणं हे सगळं ३१ डिसेंबरपर्यंत शांतपणे उरकता येतं. मात्र दिवस मोजून सुटका होतेच असं नाही. तुमच्या मिळकतीचं मुख्य केंद्र स्पेनमध्ये असेल तर कमी दिवसांतही निवासी धरतात. तुमच्या बाबतीत ते दिसत नाही.

हे एवढं ताणून सांगतोय कारण रक्कम मोठी असते. ब्रिटनमधलं स्वतःचं राहतं घर विकलं तर नफ्यावर तिथे सहसा कर नसतो. तेच घर स्पेनचे करनिवासी असलेल्या वर्षात विकलंत तर स्पेन तो नफा बघतो आणि ब्रिटनची माफी इथे आपोआप लागू होत नाही. आयसा या ब्रिटिश करमुक्त बचत खात्यातलं व्याज ब्रिटनमध्ये करमुक्त, स्पेनमध्ये नाही. पेन्शनमधून मिळणारा २५ टक्के करमुक्त हिस्सासुद्धा इथे करमुक्त धरत नाहीत.

आणि पुण्या-मुंबईकडचं? तुम्ही लिहिलं नाहीत, पण तिकडे एखादा फ्लॅट आणि काही ठेवी असतातच. करनिवासी माणसावर स्पेन जगभरच्या उत्पन्नाचा कर लावतो. एनआरई (अनिवासी भारतीयाच्या) ठेवीचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी इथे ते उत्पन्नच आहे. फ्लॅटचं भाडं भारतात कर भरून इथेही दाखवायचं, तिथे भरलेल्याची वजावट मिळते. फ्लॅट कुलूपबंद ठेवला तरी त्यावर काल्पनिक उत्पन्न धरलं जाऊ शकतं. शिवाय खाती, गुंतवणुकी आणि स्थावर या तीन गटांपैकी कुठल्याही गटात परदेशातली मालमत्ता ५०,००० युरोंवर गेली की 'मोदेलो ७२०' हे माहितीपत्रक ३१ मार्चपर्यंत भरायचं. त्याचे पूर्वीचे अवाच्या सवा दंड युरोपीय न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये बेकायदा ठरवले, पण माहिती देण्याचं बंधन तसंच आहे. निघायच्या आधीच्या वर्षी भारत, ब्रिटन आणि स्पेन तिन्ही समजणाऱ्या कर सल्लागाराला एक तासाची फी द्या. ही फी वाचवणारे नंतर वकिलाची भरतात.

तब्येतीचं लवकर सांगतो. ब्रिटनची सरकारी (स्टेट) पेन्शन सुरू झाल्यावर ब्रिटन एस१ दाखल्यावर तुमच्या इथल्या उपचारांचा खर्च उचलतं, पण ५८ व्या वर्षी ते लागू नाही. व्हिसासाठी खासगी विमा हवा, ज्यात उपचारावेळी स्वतःच्या खिशातून वाटा भरावा लागत नाही असा. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर कंपन्या नाकं मुरडतात, म्हणून विम्याचं कोटेशन व्हिसा अर्जाच्या बरंच आधी घ्या. एक वर्षाच्या वास्तव्यानंतर 'कोन्वेनियो एस्पेसियाल' या योजनेत ६५ वर्षांखालच्याला महिना ६० युरो आणि त्यावरच्याला १५७ युरो भरून सरकारी आरोग्यसेवेत शिरता येतं. ब्रिटनची स्टेट पेन्शन स्पेनमध्ये दर वर्षी वाढते. भारतात जाऊन राहिलात तर ती गोठते. म्हातारपणी पुण्याला जाऊ म्हणणाऱ्यांनी हे डोक्यात ठेवावं.

आता या गाडीकडे.

राहून बघायच्या तीन महिन्यांसाठी गाडी बिनधास्त आणा. अनिवासी माणूस बाहेरच्या देशाची खासगी गाडी युरोपीय संघात तात्पुरती, सहा महिन्यांपर्यंत, कर न भरता वापरू शकतो. ब्रिटिश विम्यात युरोपसाठी किमान थर्ड पार्टी संरक्षण असतंच आणि ग्रीन कार्ड, म्हणजे परदेशातल्या विम्याचा दाखला, ऑगस्ट २०२१ पासून लागत नाही. पण पूर्ण संरक्षण किती दिवसांचं ते पॉलिसीत बघा. कुठे ३० दिवस असतात, कुठे ९०. गाडीवर यूके असं स्टिकर हवं, जुनं जीबी चालत नाही. एमओटी, म्हणजे ब्रिटनमधली गाडीची वार्षिक तपासणी, संपत आली असेल तर करूनच निघा, कारण ती ब्रिटनबाहेर होत नाही. या फेरीत सामान मात्र पाहुण्याइतकंच आणा. भांडीकुंडी, देव्हारा, पुस्तकं असं भरून आणलंत तर कस्टमवाला विचारेल, नक्की राहायला आलात की फिरायला? आणि ते उत्तर तुमच्याकडे नसेल.

कायमचं येताना तीच गाडी कस्टमच्या दृष्टीने आयात असते. सवलत नसेल तर १० टक्के आयात शुल्क आणि २१ टक्के व्हॅट, शिवाय प्रदूषणाप्रमाणे नोंदणी कर. निवास बदलण्याची सवलत मिळाली तर शुल्क आणि व्हॅट दोन्ही माफ होतात. अटी अशा की तुम्ही निदान सलग १२ महिने युरोपीय संघाबाहेर राहत असायला हवं, गाडी निवास सोडण्याआधी निदान सहा महिने तुमच्याकडे आणि वापरात हवी, नवा निवास सुरू झाल्यापासून १२ महिन्यांत ती आणायला हवी, आणि आणल्यावर पुढचे १२ महिने ती विकायची, भाड्याने द्यायची किंवा वापरायला उसनी द्यायची नाही. घरातल्या सामानालाही हीच सवलत आहे. म्हणून निघायच्या आदल्या महिन्यात हौसेने नवी गाडी घेणाऱ्याला ती मिळत नाही. नोंदणी करातली माफी वेगळी मागावी लागते आणि तिची मुदत बरीच छोटी असते, त्यामुळे पोचल्यावर "आधी घर लावू, मग गाडीचं बघू" म्हणू नका.

गाडी पीसीपीवर, म्हणजे हप्त्यांच्या करारावर, असेल तर ती कागदोपत्री फायनान्स कंपनीची असते. आधी फेडा, नाहीतर कायमची बाहेर नेण्याचा विषयच नको. मोकळी असेल तर लॉगबुकातला, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रातला, कायमच्या निर्यातीचा भाग डीव्हीएलए या ब्रिटिश वाहन नोंदणी खात्याला पाठवा आणि बाकीचं लॉगबुक जपून सोबत ठेवा. त्याशिवाय इथे नोंदणी होत नाही. रोड टॅक्सच्या उरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे परत मिळतात. तुम्ही ब्रिटनचे रहिवासी राहिला नाहीत की तिथली पॉलिसी पोकळ होऊ शकते, तेव्हा स्पॅनिश विमा कोणत्या दिवशी सुरू होणार हे निघण्यापूर्वी पक्कं करा. ब्रिटिश नंबरावर विमा देणाऱ्या कंपन्या मोजक्याच आहेत.

इथे नोंदणीसाठी आयटीव्ही, म्हणजे इथली एमओटी, पार करावी लागते. ब्रिटिश हेडलाइटचा झोत डावीकडे झुकतो, इकडे तो उजवीकडे हवा. प्रवासात काचेवरच्या पट्ट्यांवर भागतं, पण आयटीव्हीला हेडलाइटच बदलावे लागतात. मागचा फॉग लॅम्प उजवीकडे एकटाच असेल तर तोही डावीकडे किंवा मध्यभागी घ्यावा लागतो. गाडी साध्या हॅलोजनची असेल तर खर्च सोसतो. एलईडी हेडलाइटची जोडी मात्र अशी महाग पडते की काही जण तिथेच गाडी विकायचा निर्णय घेतात. वर्कशॉपमधून तुमच्याच मॉडेलचा भाव आधी काढा. उत्पादकाचं अनुरूपता प्रमाणपत्रही (गाडी युरोपीय नियमांत बसते असं सांगणारं) निघण्याआधी मागवून ठेवा.

माझं मत विचाराल तर सवलत मिळत असेल, हेडलाइट साधे असतील आणि कर्ज नसेल, तर ही गाडी आणा. २०१९ ची युरो ६ (युरोपीय प्रदूषण मानक) डिझेल इथे प्रदूषणाच्या 'सी' स्टिकरमध्ये बसते. २०२१ च्या कायद्याने ५०,००० वर लोकवस्तीच्या शहरांना कमी प्रदूषणाचे विभाग आखायला लावले आहेत, त्यामुळे स्टिकरला महत्त्व आलंय. इथे जुन्या गाड्याही स्वस्त मिळत नाहीत. पण इथे दहा वर्षं ही गाडी चालवायची आणि मग चांगल्या भावात विकायची असा विचार असेल तर तो सोडा. उजव्या स्टिअरिंगला इथे गिऱ्हाईक फक्त दुसरा ब्रिटिश. दोन पदरी रस्त्यावर ट्रकला ओलांडताना समोरचं आधी वहिनींना दिसणार आणि तुम्ही त्यांच्या "जा" वर विसंबणार. त्यावरून झालेली भांडणं मी ऐकली आहेत.

लायसन्सचं आता सोपं झालंय. १६ मार्च २०२३ पासून ब्रिटिश लायसन्स परीक्षा न देता स्पॅनिशमध्ये बदलून मिळतं. निवासी झाल्यापासून सहा महिने जुन्यावर चालवता येतं, त्यानंतर नाही.

वाट कोणती? इंग्लंडच्या फोकस्टनहून समुद्राखालच्या बोगद्याने फ्रान्समधलं कॅले पस्तीस मिनिटांत येतं, पण तिथून व्हॅलेन्सिया साडेसोळाशे-सतराशे किलोमीटर. पोर्ट्समथहून बोटीने सांतांदेर किंवा बिल्बाओला उतरलात तर रात्र बोटीवर जाते आणि पुढे सातशेच्या आसपास किलोमीटर उरतात. राहून बघायच्या फेरीला कॅले घ्या, फ्रान्स बघत या. कायमच्या फेरीला बोटच घ्या, भाडं जास्त असलं तरी. कारण तेव्हा सामानाची यादी, व्हिसा आणि सवलतीचे कागद ज्या देशात राहायचं त्याच देशाच्या कस्टमपुढे जातात. फ्रेंच अधिकाऱ्याला व्हॅलेन्सियाच्या बिऱ्हाडाची गोष्ट पहाटे समजावत बसायला नको.

यादी स्पॅनिशमध्ये करा, ठोकळ किंमतीसह. दागिन्यांची वेगळी करा आणि फोटो ठेवा. सोन्याची नाणी आणि बिस्किटं मात्र रोकडीत धरतात. रोकड धरून १०,००० युरो किंवा जास्त झालं तर जाहीर करावंच लागतं.

खाण्याचं सांगतो, कारण आपली मंडळी इथेच अडकतात. ब्रिटनहून येताना मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तूप, पनीर, पेढे सगळं त्यात आलं. ताज्या फळांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. सूट फक्त अननस, केळी, नारळ, खजूर आणि ड्युरियन यांना. म्हणजे नारळ चालतो, हापूस चालत नाही. कढीपत्ता आणि कुंडीतली तुळसही नाही. तुळस मुलाकडे ठेवा. मसाले, पापड, तेलातली लोणची आणा. मिक्सर आणा, वीज दोन्हीकडे २३० व्होल्ट आहे, फक्त पिन बदलावी लागते.

पोचल्यावर घराचा करार, मग नगरपालिकेत 'पाद्रोन' म्हणजे रहिवासी नोंद, आणि महिन्याच्या आत परदेशी नागरिकाच्या कार्डासाठी अर्ज. पहिला परवाना एक वर्षाचा, पुढे दोन-दोन वर्षांचे. भेटीच्या वेळा ऑनलाइन मिळतात, म्हणजे बहुधा मिळत नाहीत. रोज सकाळी बघत राहावं लागतं.

गाडीवर कर्ज आहे का, हेडलाइट हॅलोजन आहेत की एलईडी, लेस्टरचं घर विकणार की भाड्याने देणार, आणि वहिनी नागरिकत्वाचा अर्ज करणार का, एवढं कळवा. रिमोट काम किती तास आणि कोणासाठी, हेही. मग कोणत्या महिन्यात निघायचं ते सांगता येईल.